पत्ता कुणाच्या घरचा?

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एकेकाळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळट पडलो आहे. प्रयोगशाळेतले स्कॅनर यंत्र हा माझा सोबती. त्याने वस्तूच्या आतले चित्र टिपायचे आणि मी ते माझ्या पोटात जपायचे. लोक खुर्ची ओढून माझ्यापुढे बसत. "काय झकास आलंय!" म्हणत, तेव्हा मी फुशारून जाई.

पुढे नेटवर्क आले. माणसे शेजारच्या खोलीतून हुकूम सोडू लागली. राबायचो मीच, पण माझे तोंड कुणी पाहीना. माझा पडदासुद्धा काढून नेला. खरे सांगतो, फार वाईट वाटले.

तिथे एक संशोधक ताई होती. तिच्याकडे एका दुर्मीळ झाडाची शेवटची बी होती. ती तिने रुजायला घातली आणि शेजारच्या खोलीतल्या आपल्या संगणकावरून हुकूम देऊन अंकुर फुटतानाचे स्कॅन घेतले. साठवण्याची जागा म्हणून 'डी ड्राइव्ह' लिहिले. मग स्वतःच्या संगणकात पाहते तर तिथे काहीच नाही!

"मॅडम, सगळं गेलं हो! बी पुन्हा थोडीच उगवणार?" ती आपल्या मार्गदर्शक बाईंपुढे रडू लागली.

नेमके तेव्हाच दुरुस्तीवाले दादा माझ्यातली सारी साठवण पुसून मला भंगारात काढायला आले होते. माझा जीव टांगणीला लागला. त्या बीचे सारे स्कॅन माझ्याच पोटात होते, पण ओरडून सांगणार कसा?

"अगं, डी ड्राइव्ह काय तुझ्या एकटीच्याच संगणकाला असतो?" बाई म्हणाल्या. "हुकूम तू दिलास, पण स्कॅन चालवलं कुणी? पत्ता त्याच्याच घरचा धरला जाणार ना!"

ताई धावतच आली. "दादा, थांबा! काही पुसू नका!"

दादांनी मला पडदा जोडला. त्यावर टरफल तडकवून अंकुर डोके वर काढताना दिसला. काखेत कळसा नि गावाला वळसा! ताई डोळे पुसत हसली. तिने सारे स्कॅन मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवले, एक प्रत वेगळ्या डिस्कवरही घेतली. माझ्यावरची धूळ ओढणीने झटकली आणि मगच हळू आवाजात म्हणाली, "आता पुसा, दादा."

मित्रांनो, काही साठवाल तेव्हा ते कुणाच्या घरी ठेवतो आहोत, ते नीट पाहा. आणि जुन्याला टाकण्याआधी त्याच्या पोटात एकदा डोकावा.

माझे पोट आता रिकामे आहे. तरी तो अंकुर मला आठवतो. तो कुठे साठला आहे, ते मात्र मलाही सापडलेले नाही.