तळघराचं दार

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. तिची धाकटी बहीण, जिला घरात सगळे बारकी म्हणायचे, एका इमारतीच्या तळघरात पडदे शिवायची. त्या दुपारी ताई उभ्याउभ्या डोकवायला म्हणून आली आणि गप्पांत रमली.

रस्त्याखालची पाण्याची मोठी वाहिनी फुटल्याचं त्यांना कळलंच नाही. जिन्यातून धो-धो आवाज यायला लागला आणि दाराच्या खालच्या जाळीतून पाणी आत शिरलं. बारकीने हाताला लागले ते स्पंज आणि कापडाचे तागे जाळीत कोंबले, वर टेबल लोटलं. पाणी थांबलं तेव्हा तिला हायसं वाटलं.

ताईने आधी मेन स्विच बंद केला. खोलीत अंधार झाला. छताजवळच्या गज लावलेल्या झरोक्यातून तेवढा उजेड येत होता. तिने अग्निशमन दलाला फोन केला. येतो, पण सगळा रस्ताच पाण्याखाली असल्याने वेळ लागेल, असं ते म्हणाले. मग दोघींनी कडी काढून दार ढकललं. ते बाहेरच्या बाजूला उघडायचं. तसूभरही हललं नाही.

ताईने दाराच्या वरच्या काचेतून पाहिलं. बाहेर पाणी कडीपर्यंत आलं होतं आणि अजून चढत होतं.

"एवढासा तर जिना," बारकी म्हणाली, "असून असून किती पाणी असणार?"

"जिना केवढा आहे याच्याशी देणंघेणं नाही गं. पाण्याची उंची किती, त्यावर दाब ठरतो. आत्ता त्या दारावर चार-साडेचारशे किलोचा भार आहे. आपल्या दोघींच्याने नाही व्हायचं."

"मग?"

"तागे काढ. पाणी आत येऊ दे."

बारकी टेबलाला पाठ लावून उभी राहिली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का, ताई? आपण बुडू."

"दोन्हीकडे पाणी सारखं झालं की दोन्हीकडून दाब सारखा. मग दार सुटेल. आपण थांबलो तर बाहेरचं चढतच राहील, आणि जाळी आपोआप फुटेल तेव्हा पळायला वाव नसेल."

"आणि माझी मशिनं?"

बारकीने खोलीभर नजर फिरवली. मग तिने शिवून झालेले पडदे उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले, टेबल बाजूला ओढलं आणि स्पंज स्वतःच्या हातांनी उपसून काढला.

पाणी अंगावर आल्यासारखं घुसलं. घोटे, गुडघे, मांड्या. थंडीने बारकीचे दात वाजायला लागले. ताईने दार ढकललं, हललं नाही. कमरेएवढं पाणी झालं, पुन्हा ढकललं. तरीही नाही.

"नाही उघडत," बारकी म्हणाली.

"अजून बाहेर जास्त आहे. थांब."

ताईचा आवाज स्थिर होता. फळ्यावर दोन्हीकडून सारखे बाण काढून ती हे दरवर्षी शिकवायची. त्या बाणांवर जीव टाकायची वेळ कधी आली नव्हती. दाराची चौकटच पाण्याने फुगली असली तर? बाहेर काही अडकून बसलं असलं तर? फळ्यावरच्या दाराला चौकट नसायची. तिने बारकीचा हात घट्ट धरला आणि काचेतून दोन्हीकडच्या पाण्याच्या रेषा पाहत राहिली. आतलं पाणी छातीला लागलं. रेषा जवळ आल्या.

"आता. खांदा लाव."

दार चिखलात रुतल्यासारखं हललं, मग माणूस जाईल इतकं उघडलं. वरून येणाऱ्या लोंढ्यात कठडा धरून त्या कशाबशा रस्त्यावर आल्या. कुणीतरी दोघींना चादर दिली. बारकी फुटपाथवर बसून रडली, ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मशिनं गेली. पडदे वाचले. बारकीने नंतर दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली आणि ती आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या ताईने माझं दुकान बुडवलं." सांगताना ती हसायची. ताईला मात्र हसू यायचं नाही.