सुधारित अंदाजपत्रक

"ओम! अगा ओम! चौथ्याचा पंखा अडकून राहिला!"

ओमप्रकाश निमजे अर्ध्या गालावर दाढीचा साबण तसाच ठेवून पुढच्या खोलीत धावले. तिथे लोखंडी मांडणीवर सहा ग्राफिक्स कार्डं ओळीनं घरघरत होती. घरातला एकुलता एक चांगला कूलर त्यांच्याकडे तोंड करून चालू होता. समोरच्या स्टुलावर धुतलेला सदरा घालून, हातात ब्रश घेऊन वडील बसले होते. पोरापासून नातवंडांपर्यंत सगळे त्यांना नानाजीच म्हणत.

"कूलरच्या खसची काडी होती. काढली मी. तू जा, दाढी कर."

"काढली ना? मग मले बोलावलं काहून?"

"मालकाले सांगा लागते ना गा."

ओमप्रकाशना उभ्या जन्मात कोणी मालक म्हटलं नव्हतं. ते साबणासकट जरा सुखावले आणि परत गेले.

ही मशीन नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या त्या घरात हिवाळ्यात आली. आणली भाच्यानं, पियुषनं. कामठीतला त्याचा गेमचा कॅफे बुडाला आणि ही कार्डं उरली. "मामा, हे रात्रंदिवस गणितं सोडवतात अन् त्याच्या बदल्यात आपल्याले डिजिटल नाण्याचे तुकडे भेटतात. विकले की पैसा. तुमी फक्त बटन दाबा." एवढंच मामांना पुरलं असतं. पण मामा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अंदाजपत्रक शाखेत होते. तिथे कालव्याला पाणी नसलं तरी चालतं, अंदाजपत्रक लागतंच. त्यांनी अंदाजपत्रक केलं. उत्पन्न, वीज, घसारा, आणि शेवटी आकस्मिक खर्च तीन टक्के. खाली नफा असा गोंडस आला की प्रेमिलानं, त्यांच्या बायकोनं, नव्या ओट्यासाठी जपलेले भिशीचे पैसे काढून दिले.

अंदाजात चुका दोनच होत्या. विजेचा दर त्यांनी जानेवारीच्या बिलातून उचलला होता. वापर वाढला की दरही चढतो हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण खालचा दर घेतला की बेरीज देखणी दिसत होती. दुसरी चूक म्हणजे ते कूलर विसरले. नागपुरात राहून उन्हाळ्याच्या हिशेबात कूलर विसरणं म्हणजे लग्नाच्या खर्चात जेवणावळ विसरणं. त्यात नाण्याचा भावही घसरला.

मे महिन्यातलं बिल प्रेमिलानं दारातच वाचलं.

"आपण काय दालमिल टाकली का हो?"

"सुधारित अंदाजपत्रक करा लागते," ओमप्रकाश म्हणाले. कचेरीत या वाक्यानं मोठमोठे साहेब गप्प बसत.

"आधी तुमी सुधरा."

तरी त्यांनी ते केलंच. घसारा काढला, आकस्मिक खर्च काढला, एकदा तर वीजही अर्धी धरून पाहिली. नफा काही येईना. मशीन रोज कमवायची त्याहून जास्त रोज खायची. कार्डांना गिऱ्हाईक पियुषनं शोधून ठेवलं होतं. बटण बंद करायचं, एवढंच राहिलं होतं.

पण स्टुलावर नानाजी होते.

नानाजींनी मिसरूड फुटायच्या आधीपासून लुगडी विणली. मग एका सकाळी सगळे विणकर त्यांच्या सहकारी सोसायटीत कामाला गेले तर दाराला कुलूप. कोणी काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ते ओसरीवर बसत, वाढलं ते जेवत आणि कोणाला काही विचारत नसत. मशीन आली त्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं, "चालता माग एकटा सोडत नाहीत. याच्याजवळ कोण बसते?"

कोणीच बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळ करून नानाजी कामावर हजर झाले. धूळ झाडायची, पंखे पाहायचे, कूलरमध्ये पाणी टाकायचं. संध्याकाळी पोराला विचारायचं, "आज किती निघालं?" ओमप्रकाश मोबाइलवर शून्यांची रांग दाखवत. "एवढ्यात त काठाचा धागाही येत नाही," म्हणत ते खुशीत हात धुवायला जात. भूक वाढली. भाजीत मीठ कमी आहे म्हणून भांडू लागले. प्रेमिला त्यावर करवादायची आणि शेजारणीला तेच कौतुकानं सांगायची.

आता या माणसाला कामावरून कमी करायचं होतं. ओमप्रकाश आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि बिल चढत राहिलं. शेवटी एका रविवारी दुपारी ते स्टुलाजवळ जमिनीवर बसले.

"नानाजी, मशीन बंद करा लागते."

ब्रश थांबला. "काहून? माझ्या हातून काई बिघडलं का?"

"नाही जी! तुमच्यामुळंच त चालली. पण कमाईहून बिल जास्त येऊन राहिलं. माझा अंदाज चुकला."

सबंध नोकरीत त्यांनी अंदाज 'सुधारला' होता. चुकला असं कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं आणि त्यांना रडूच आलं.

नानाजींनी ब्रश मांडीवर ठेवला. म्हणाले, "बरं केलं, सांगितलं. सोसायटीवाल्यायनं सांगितलं नव्हतं. माझं अर्धं लुगडं मागावरच राहिलं." मग मशीनकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "याच्यावर आता किती झालं?"

नाण्याचा ठरावीक हिस्सा पुरा भरला तरच पैसे हातात येत, मधे नाही. ओमप्रकाशनी मोबाइल पाहिला. "थोडंच राहिलं जी."

"म्हणजे लुगडं उतरल्यावर मजुरी. मग मधात कापू नको. पदर तेवढा राहिला."

पियुष फोनवर ओरडला, "मामा, तेवढ्यासाठी आणखी आठ दिवस तोट्यात? कॅल्क्युलेटर म्हणून राहिला, आत्ताच बंद करा!"

"कॅल्क्युलेटरले सांग," ओमप्रकाश म्हणाले, "पदर राहिला."

त्या आठवड्यात प्रेमिला बिलाबद्दल एक अक्षर बोलली नाही. उलट दुपारी कूलरमध्ये बर्फ टाकून गेली. हिस्सा भरला तेव्हा नानाजींनी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं, एकेक कार्ड पुसलं आणि ब्रश झटकून मांडणीवर ठेवला. ओमप्रकाश तो हिस्सा विकून पैसे घेऊन आले आणि त्यांनी ते वडिलांच्या हातावर ठेवले.

नानाजींनी ते मोजले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"सूनबाई, धर वं. लाइटबिलात टाक."

प्रेमिला कणीक मळत होती. तिनं हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि दोन्ही हातांनी पैसे घेऊन कपाळाला लावले. एवढ्यात कूलरचाही खर्च निघणार नाही हे घरात तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"पुरते ना?" नानाजींनी विचारलं.

"पुरते जी," ती म्हणाली, "पुरून उरते."