न सुटलेल्या कोड्याचा सत्कार

मलकापूरच्या सभागृहात पाय ठेवताच धम्मशीला थबकली. मंचावरच्या बॅनरवर तिचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'न्यूट्रिनोच्या वजनाचं कोडं सोडवणारी आपली कन्या!'

"काका, हे उतरवा," ती सत्कार समितीच्या भगवंतरावांना म्हणाली. "कोडं सुटलंच नाही अजून."

भगवंतराव हसले. "सात वर्सं परदेशात डोंगराखालच्या यंत्रावर काम केलं ना तू? मंग? लोकायले काय समजते त्यातलं!"

"म्हणूनच त्यायले खोटं सांगायचं नाही."

"आमी मान देऊन राह्यलो, आन तू आमालेच शिकवते?" त्यांचा आवाज चढला. "आमदारसाहेब येऊनच राह्यले. गुपचूप खुर्चीवर बस."

ती बसली नाही. लोक माना उंचावून पाहू लागले. पुढच्या रांगेतून तिची आई, सिंधूताई, लगबगीनं आली.

"काऊन अडून बसली व? एवढे लोक आले."

"आई, हे न्यूट्रिनो म्हंजे लय बारीक कण. ते वर हवेत जन्मतात आन अख्खी पृथ्वी पार करून खालून यंत्रात येतात. वाटेत त्यायचं रूप बदलते, ते आमी मोजतो. वजनानं त्यायचे तीन प्रकार, त्यातले दोन जवळपास सारखे. तिसरा सगळ्यात जड का सगळ्यात हलका, हेच शोधून राह्यलो. आकडे जडाकडे झुकले, पण पक्कं नाही."

"झुकलं म्हंजे ठरलं नाही?"

"नाही."

सिंधूताई भगवंतरावांकडे वळली. "भाऊ, पोरगी नाही म्हणते. मंग लिवलं कायले?" आणि तिनं सरळ बॅनरची एका बाजूची गाठ सोडली.

"सत्कार होणार नाही मंग!"

"नका करू," म्हणत धम्मशीलानं खुर्चीवर चढून दुसरी गाठ सोडली.

बॅनर खाली कोसळला. दारात पोचलेले आमदार तसेच मागे फिरले. शाल, नारळ, अर्धी माणसंही गेली. कुणीतरी माईक बंद केला. धम्मशीला उरलेल्या लोकांसमोर घसा ताणून तासभर आपल्या कामाबद्दल बोलली.

शेवटी तिचे वडील गुलाबराव उठले. इतका वेळ ते खाली मान घालून बसले होते.

"आन तिसरा हलका निंगाला तं?"

"तं आमचे आकडे भलतीकडं झुकले होते, हे मी इथंच उभी राहून सांगीन, बाबा. कोणी बलावो, नाही बलावो."

गुलाबरावांनी मान डोलावली, आणि या वेळी ती खाली घातली नाही.