पाय लागला तेव्हा

रामिरोला पाहिलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. पंधरा वर्षं फुटबॉलमध्ये मिडफिल्डला खेळलेला स्पेनचा माणूस. त्यातला एक हंगाम सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये. शेवटची दोन वर्षं भारतात काढली, इथंच मोडकीतोडकी हिंदी शिकला. आता मुंबईतल्या एका क्लबसाठी मिडफिल्डर शोधायला जव्हारला आला होता. पंचवीस जणांतून एकच घेणार होता, आणि तो एक मला व्हायचं होतं. नाहीतर दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायचं ठरलेलं. आमच्याकडे जमीन नाही, त्यामुळे तिसरा रस्ताही नव्हता.

पहिल्याच दिवशी त्यानं आम्हाला मैदानात बसवून स्वतःची कारकीर्द ऐकवली. "तीन आदमी का पैर तोडा. एक बार भी पीछे नहीं देखा. इसलिए पंद्रह साल खेला." वर हसला. हसण्यासारखं काय होतं देव जाणे.

मग खेळ सुरू झाला आणि माझा पाय एकाच्या नडगीला लागला. मी वाकलो, त्याला हात लावला, तो हात छातीला लावला. पाय लागला की आमचा हात आपोआप जातो, त्यासाठी विचार करावा लागत नाही. तेवढ्यात बॉल गेला आणि आमच्यावर गोल झाला. रामिरोनं शिट्टी माझ्या अंगावर फेकली.

"ये मंदिर है? फिर झुका तो सीधा घर!"

मनातल्या मनात मी त्याला आमच्या पोशेरा गावातल्या सगळ्या शिव्या घातल्या. तोंडानं म्हणालो, "येस सर."

तिसऱ्या दिवशी शेवटची मॅच. समोरच्या गटात एक माणूस कमी पडला, म्हणून मीच बुध्यामामाला बोलावून आणलं. माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, पण मामा तो मामा. कापणी झालेल्या खाचरात, गवत भरलेल्या गोणपाटाच्या चेंडूवर मला खेळायला त्यानंच शिकवलेलं.

पाच मिनिटं उरली, गोल कुणाचाच नव्हता. मामा बॉल घेऊन माझ्या अंगावर आला. रेषेवरून रामिरो बोंबलत होता. मी सगळा जोर लावून घुसलो. माझ्या पायाखाली काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. काय झालं ते मला कळलं होतं. तरी बॉल घेऊन पळालो, पास दिला, गोल झाला. रामिरोनं मला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

मामाला झाडाखाली बसवला होता, पायाला कामट्या बांधून. मी वाकलो तसा त्यानं तो तसला पायही मागे ओढला. कळ डोक्यात गेली असणार.

"आता कशाला?"

"मामा, चुकून लागला."

"लागला त्याचा काय नाय. खेळात लागतो. तू वळून नाय पाहिलास, तुळशीदास."

एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं. मग चौघांनी उचलून त्याला जीपमध्ये घातलं, मला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रामिरोच्या गाडीत बसलो. घाट उतरताना माझं डोकं तापलं होतं. त्याला डिवचायचं म्हणून मी म्हणालो, "वो तीन आदमी. आपको नाम भी याद नहीं होगा."

"एवारिस्तो, लेफ्ट पैर," तो लगेच म्हणाला. "मौरो, घुटना. लिसार्दो, राइट. लिसार्दो अब दुकान में बैठता है. खडा नहीं हो सकता." तो खिडकीबाहेर बघत होता. "मैं कभी मिलने नहीं गया. हर रात तीनों आते हैं."

मला त्याची कीव आली नाही. उलट असा संताप आला, की हात उगारावासा वाटला.

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" मी मराठीतच ओरडलो.

त्याला कळलं नसावं. ड्रायव्हरला कळलं. त्यानं गाडी कडेला घेतली, थांबवली आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिला. दार माझ्याच बाजूला होतं, आणि मागे मामाकडे जाणारा रस्ता.

मी उतरलो नाही.