चहाला थांबायची जागा

कॅनडातल्या स्लोकन खोऱ्यातल्या बायकांसाठी टॅम्सिन रो दर हिवाळ्यात बॅककंट्री स्कीइंगचे, म्हणजे मोकळ्या डोंगरात स्की करण्याचे, तीन वर्ग घेत असे. लिफ्टच्या आखलेल्या उतारांवर उत्तम घसरणाऱ्या, पण दोरीच्या कुंपणाबाहेर कधी न गेलेल्या बायकांसाठी पहिला. बाहेर थोडंफार हिंडलेल्यांसाठी दुसरा. तिसऱ्या वर्गाबद्दल तिने पत्रकात लिहिलं होतं, 'अनेक हिवाळे नेमाने बॅककंट्रीत जाणाऱ्या आणि वाटेतले निर्णय स्वतः घेणाऱ्या स्त्रियांसाठी.' ग्लेंडा सुकेरॉफने या वाक्याचा पूर्वार्ध वाचला, त्याला आपलं नाव जोडलं आणि पत्रक मिटलं.

पूर्वार्ध तिच्या बाबतीत खराच होता. फ्रेडशी लग्न झाल्यापासून तीस हिवाळे ती त्याच्याबरोबर डोंगरात गेली होती. त्यांतला प्रत्येक फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा मार्मट खिंडीतल्या केबिनीत गेला होता. ओंडक्यांची ती केबिन फ्रेडच्या तरुणपणी पाच-सहा मित्रांनी मिळून बांधली होती. आता तिचं आढं कुजलं होतं. मार्चअखेर, बर्फ घट्ट असतानाच, ती उतरवून स्लेजवरून खाली आणायचं ठरलं होतं. खालचा पूल वाहून गेल्यापासून उन्हाळ्यात तिकडे कुणी पोचत नव्हतं. फ्रेड मे महिन्यात गेला होता, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने, दीड महिन्यात. आणि टॅम्सिनचा तिसरा वर्ग फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मार्मट केबिनीत भरणार होता. त्या छपराखाली झोपणाऱ्या त्या शेवटच्या.

फ्रेडची थोरली बहीण पॉली दर गुरुवारी बोर्शचं, बीटच्या सूपाचं, पातेलं घेऊन येई. फ्रेड गेल्यापासून हा नेम तिने स्वतःहून लावून घेतला होता, आणि ग्लेंडा ते सगळं संपवते की नाही हे ती पातेलं परत नेताना झाकण उघडून पाहत असे. नोव्हेंबरातल्या अशाच एका गुरुवारी तिला टेबलावर पत्रक दिसलं.

"तिसरा वर्ग?" पॉली म्हणाली. "अगं, त्या पोरींचं वय तुझ्या गुडघ्याच्या निम्मं असेल."

"गुडघे ठीक आहेत माझे."

"तुझे ठीक आहेत. माझे गेले, म्हणून मी खुर्चीत बसते आणि बोर्श करते. तुलाही जमेल, बस माझ्याशेजारी."

ग्लेंडाने केबिनीचं कारण सांगितलं. पॉलीने चमचा खाली ठेवला आणि त्यानंतर थट्टा केली नाही.

टॅम्सिनने नाव नोंदवण्यापूर्वी सगळ्यांना ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बोलावलं. ती चौतिशीची, आवाज न चढवणारी बाई होती. किती वर्षं स्की करता, किती उंच गेलात, हे तिने कुणालाच विचारलं नाही. तिचा एकच प्रश्न होता: शेवटच्या वेळी अर्ध्या वाटेवरून परत फिरलात, ते कशामुळे? ग्लेंडाने तीन वर्षांपूर्वीची हकिगत सांगितली. खिंडीच्या खालच्या अंगाला स्कीच्या टोकापासून बर्फाला बारीक भेग गेली होती, पायाखालून ढोल वाजल्यासारखा आवाज आला होता, म्हणजे बर्फ कोसळायच्या बेतात होतं, आणि 'आम्ही' तिथूनच मागे वळलो होतो. भेगेची लांबी, वाऱ्याची दिशा, आदल्या रात्रीची थंडी, सगळं तिला लख्ख आठवत होतं. बाकीच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. टॅम्सिनने मान हलवली आणि डिसेंबरातल्या चाचणीच्या दिवशी भेटू म्हणाली.

त्या दिवशी पाच जणी होत्या. रस्त्याच्या कडेला गाड्या लावून त्यांनी स्कीच्या तळांना चढणीच्या पट्ट्या चिकटवल्या, छातीवरची बीकनं, बर्फाखाली गाडलं गेलेल्याचा ठाव सांगणारी यंत्रं, एकमेकींची तपासून पाहिली आणि जुन्या खाणीच्या वाटेने त्या वर निघाल्या. मार्मट खिंडीच्या वाटेचा हा पहिलाच टप्पा. ग्लेंडाला त्यातलं वळण न् वळण पाठ होतं.

सकाळ तिची होती. टॅम्सिनने बर्फात पुरून ठेवलेलं बीकन तिने इतर चौघींच्या आधी शोधून उकरून काढलं. झाडीतल्या उतारावरून ती खाली आली तेव्हा जोडी नावाची इस्पितळातली परिचारिका, त्यांच्यातली सर्वांत तरुण, नुसती पाहत राहिली. "म्हातारपणी मला असं घसरता आलं ना, तर मी नवरासुद्धा मागणार नाही," ती म्हणाली, आणि लगेच आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन तिचा चेहरा उतरला. ग्लेंडा हसली. सात महिन्यांत तिला असं हसू आलं नव्हतं.

दुपारी टॅम्सिनने सांगितलं, "ग्लेंडा, आता तू पुढे."

ती रांगेच्या पुढे आली. समोर कुणाचंही पाऊल न उमटलेलं बर्फ होतं. या वाटेवर तिच्यापुढे नेहमी दोन समांतर रेघा असत आणि त्या रेघांच्या शेवटी फ्रेडची निळी पाठपिशवी. ती डोळ्यांसमोर नाही हे तिला मे महिन्यापासून माहीत होतं, तरी ते तिच्या पायांना आत्ताच कळलं. ती चालू लागली. तिने काढलेली वाट जरा जास्तच उभ्या चढाची निघाली, मागून एक-दोघींचा श्वास ऐकू येऊ लागला. पण झाडी संपली आणि तो मोठा दगड दिसला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. बहुतेक वर्षी इथेच थांबायचं. ती दगडापाशी गेली, पिशवी उतरवली, थर्मास काढला आणि मागच्या चौघींना म्हणाली, "या, बसा. आम्ही चहाला इथेच थांबतो."

चौघी आल्या आणि तिच्याभोवती उभ्या राहिल्या. जोडीने हातमोजे काढले.

टॅम्सिन आली नव्हती. ती झाडीच्या कडेलाच उभी होती. तिथून तिने नेहमीच्याच आवाजात सांगितलं, "थर्मास बंद करा. एकेक करून माझ्याकडे परत या. पहिली इथे पोचेपर्यंत दुसरीने हलायचं नाही. ग्लेंडा, तू शेवटी."

ग्लेंडाला कारण समजलं नाही. पण चौथी बाई निघून गेली आणि त्या दगडापाशी ती एकटी उरली, तेव्हा तिने आयुष्यात प्रथमच तिथून वर पाहिलं. दगडाच्या बरोबर वर, झाडाचं नावनिशाण नसलेला, पांढरा, फुगीर उतार थेट कड्यापर्यंत गेला होता. दोन दिवस पश्चिमेचा वारा त्या कड्यावरून बर्फ आणून तिथे रचत होता. तीस वर्षांत ती इथे कितीदा तरी बसली होती. पण फ्रेड त्या उताराकडे तोंड करून बसे, आणि ती फ्रेडकडे.

वरचं काही कोसळलं नाही. ती झाडीत परत आली. इतर जणींना टॅम्सिनने थोडं खाली पाठवलं होतं.

"इथे दर वर्षी थांबायचात?" टॅम्सिनने विचारलं.

"जवळजवळ दर वर्षी."

"कसल्या दिवशी?"

दिवस फ्रेड निवडायचा. सकाळी स्वयंपाकघरात बसून तो हिमस्खलनाचं बुलेटिन मोठ्याने वाचायचा, वारा, तापमान, कुठल्या बाजूचे उतार, बर्फाचा कितवा थर कच्चा. आणि ती थर्मास भरता भरता 'हं' म्हणायची. कधी तो म्हणे आज नको, उद्या जाऊ. कधी वाटेत, झाडी संपण्याआधीच, तो डावीकडे वळे आणि त्या वर्षी चहा वर कुठेतरी होई. तिला वाटे, त्याची लहर. भेगेच्या त्या दिवशीही 'परत' हा शब्द त्याने उच्चारला होता. तिला ऐकल्याचं सगळं आठवत होतं. ठरवल्याचं काहीच नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

टॅम्सिनने बराच वेळ काठीने स्कीवरचं बर्फ झाडलं. मग म्हणाली, "तू इथल्या कुणाहीपेक्षा चांगली स्की करतेस. त्यामुळेच अवघड आहे. तिसऱ्या वर्गात मी वाट काढत नाही, पाच जणी मिळून काढतात. नाव काढून टाक असं मी म्हणणार नाही. कुठल्या वर्गात बसायचं ते तू ठरव."

परतताना जोडी तिच्या गाडीत होती. गावाजवळचा नदीवरचा पूल ओलांडल्यावर जोडी म्हणाली, "मला वर तो उतार दिसला होता. थांबल्या थांबल्या दिसला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू थर्मास काढलास ना. म्हटलं, हिने इतकी वर्षं काढलीत इथे, ही बसते म्हणजे जागा बरी असणार."

जोडीच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. तिने अगदी साधेपणाने सांगितलं होतं. ग्लेंडाने मात्र गाडीचा वेग कमी केला आणि उरलेला सगळा रस्ता तशीच हळू चालवली. फ्रेडच्या मागे चालताना तिने नेमकं हेच केलं होतं. फरक इतकाच की फ्रेड वर पाहत असे.

त्या आठवड्यात तिने टॅम्सिनला फोन करून तिसऱ्या वर्गातून नाव काढायला सांगितलं आणि पहिल्यात घालायला सांगितलं. टॅम्सिन म्हणाली, दुसरा चालेल. ग्लेंडा म्हणाली, पहिलाच.

पॉलीला हे पटलं नाही. तिने पातेलं टेबलावर आपटलंच. "मग केबिनीचं काय? एखादा वाटाड्या घे. तो नेईल तुला. त्याच्या मागे मागे जा, चार दिवस राहा, ये. पहिल्या वर्गात बसून काय मिळणार आहे तुला?"

"मागे मागेच चालायचं तर फ्रेडच्या मागे," ग्लेंडा म्हणाली.

पॉलीने वाडगे काढले, दोघींना बोर्श वाढलं आणि वरून नेहमीपेक्षा जास्त साय घातली. भावाविषयी पुष्कळ काही तिच्या मनात असावं, पण ती एवढंच बोलली, "तो लहानपणीही असाच. आम्हाला पुढे जाऊच द्यायचा नाही. मला वाटायचं, मिजास."

जानेवारीत पहिला वर्ग भरला. बर्फ हटवणाऱ्या गाड्यांच्या शेडमागे, बुटक्या टेकडीवर. बहुतेक मुली विशीतल्या होत्या. त्यांनी ग्लेंडाला पहिल्या दिवशी शिक्षिका समजून शौचालय कुठे आहे ते विचारलं. तिने फावड्याने खड्डे खणले, थर मोजले, बोटाने आणि पेन्सिलीने त्यांचा कठीणपणा पाहिला. बुलेटिनमधल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ तिने विचारून घेतला. त्यांतला एकही शब्द तिला नवा नव्हता. प्रत्येक शब्द फ्रेडच्या आवाजात येत होता आणि अर्थ मात्र टॅम्सिनकडून कळत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी वाट काढायची पाळी तिची आली. त्या टेकडीच्या मध्यावर, झाडी विरळ होते तिथे, तिने स्की थांबवल्या, वर पाहिलं आणि म्हणाली, "इथून परत फिरू या." मुलींनी कारण विचारलं. तिने कारण सांगितलं. टॅम्सिनने फक्त मान डोलावली, आणि सगळ्या तिच्यामागून खाली उतरल्या. घरी आल्यावर ही गोष्ट कुणाला सांगावी हे तिला सुचेना. ज्याला सांगावीशी वाटत होती त्याची रिकामी खुर्ची टेबलाशी होती.

तिसऱ्या वर्गाच्या बायका निघण्याच्या आदल्या दिवशी जोडी तिच्याकडे येऊन गेली. केबिनीतून काही आणू का, असं तिने विचारलं. फ्रेडने ठोकलेल्या खुंट्या तिथे होत्या, एक जुनी किटली होती. ग्लेंडाने विचार करून नको म्हटलं.

"खिडकीखाली एक बाक आहे," ती म्हणाली. "त्यावर एकदा बस. डावा पाय डुगडुगतो. घाबरू नकोस, मोडत नाही. तो नीट करायचं दर वर्षी ठरायचं."

"करून येऊ का?"

"आता कशाला गं," ग्लेंडा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने किटली चढवली आणि बुलेटिन उघडून टेबलाशी बसली. आपल्या खुर्चीत नव्हे, फ्रेडच्या. रात्रभर ताजं बर्फ पडलं होतं. वारा पश्चिमेचा, जोरदार. कड्यांखालच्या पूर्वेकडच्या उतारांवर धोका जास्त. तिने एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि वाचता वाचता तिच्या डोळ्यांपुढे ती वाट उलगडली: पाच जणी खाणीच्या रस्त्याने निघाल्या असतील, आज त्या दगडापाशी जाणार नाहीत, झाडी संपण्याआधीच डावीकडे वळतील, चढ सोपा नाही, पण वर झाडं दाट आहेत, चहा वरच्या सपाटीवर होईल. ज्या ज्या वर्षी फ्रेड डावीकडे वळला होता, ती सगळी वर्षं तिला एकदम समजली. मार्चअखेर ती केबिन तिथे नसणार हेही त्याच वाटेच्या शेवटी होतं, आणि तिथपर्यंत आता तिला जाता येणार नव्हतं.

मागे किटली शिटी वाजवू लागली. वाचलेलं ऐकू येईना. इतकी वर्षं या खुर्चीतून त्यालाही असंच त्या आवाजापेक्षा मोठ्याने वाचावं लागलं असणार. तिने उठून किटली उतरवली, पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली.