तळ्यापर्यंत गप्प

बोलल्याशिवाय माझे हात चालत नाहीत. केस कापायचं दुकान आहे माझं. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी कापड बांधलं की तोंड सुरू होतं, ते मानेवरची पावडर झटकेपर्यंत. गिऱ्हाइकं मला रेडिओ म्हणतात. म्हणोत बापडी. आता अशा माणसाला कुणी सांगितलं, की लग्न करायचं असेल तर अख्खा डोंगर तोंड मिटून चढ, तर त्यानं काय करावं? मी चढलो. दुसरा इलाजच नव्हता.

हे सांगितलं ते तिनंच, जिच्याशी मला लग्न करायचं होतं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. आई वारलेली, घरात ती आणि तिचे बाबा. बाबा घड्याळं दुरुस्त करतात आणि सुट्टीच्या दिवशी बस पकडून वरच्या राखीव रानात चालायला जातात. घरातली कुठलीही मोठी गोष्ट ठरते ती तिथे. ज्याला काही विचारायचं असेल त्यानं त्यांच्याबरोबर जायचं, चढताना अवाक्षर काढायचं नाही, आणि वरच्या तळ्यापाशी त्यांनी थर्मासमधून चहा ओतला की मग बोलायचं. तिनं पुढे काय शिकायचं, हेसुद्धा म्हणे तळ्यापाशीच ठरलं. माझ्याआधी बँकेतलं एक स्थळ वर जाऊन आलं होतं. ते आधीच्या बसनं एकटंच परत आलं.

ती मला म्हणाली होती, की बाबांना तू पटला नाहीस तर मी त्यांच्याशी भांडणार नाही. त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही. ती अशी सरळ बोलते म्हणूनच मला आवडते, पण त्या दिवशी जरा कमी सरळ बोलली असती तरी चाललं असतं.

बसमध्ये काकांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, मला खिडकीची जागा दिली आणि मान हलवली. झाला परिचय. बस वळणं घेत वर जात होती आणि मी जीभ दाताखाली धरून बसलो होतो. शेवटच्या थांब्यावर आमच्याबरोबर दोनचार माणसं उतरली आणि आपापल्या वाटेनं गेली. फाटकापाशी पाटी होती: वाट सोडू नका, फुलं तोडू नका, पाखरं जमिनीवर अंडी घालतात, आवाज करू नका. म्हणजे पाटीसुद्धा त्यांच्याच बाजूची.

आधी दगडांची चढण, मग पठार. पठारावर दलदल, तिच्यावरून फळ्यांची अरुंद वाट, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. काका पुढे, मी मागे. चहूकडे गवत वाऱ्यानं झुकत होतं, लांब लांब डोंगर निळे दिसत होते. पण मला बघायला मिळाली ती काकांची मान, आणि त्या मानेवरचे केस! देवा रे देवा. एकीकडे बरे, दुसरीकडे पायऱ्या पायऱ्या. कानामागे एक झुपका तसाच राहिलेला. खालची रेघ म्हणावी तर ती निघाली डावीकडून आणि पोचली भलतीकडेच. माझे हात नुसते शिवशिवत होते. खिशात साधा कंगवा असता तरी मी काहीतरी करून बसलो असतो.

निम्म्या वाटेवर मात्र एक गंमत झाली. बोलायची उबळ आपोआप बसली. गवतातून एक पाखरू भुर्रकन उडालं, काका थांबले, मीही थांबलो, आणि ते दिसेनासं होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो. दुकानात मी एवढा वेळ गप्प राहिलो असतो तर लोकांनी डॉक्टरला बोलावलं असतं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं. वाटलं, हा माणूस दर आठवड्याला इथे येतो यात नवल नाही, आपल्यालाही यायला आवडेल.

तळं आलं. काठच्या खडकावर बसून काकांनी चहा ओतला, एक पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बोला."

मी सगळं पाठ करून गेलो होतो. दुकान स्वतःचं, वर राहायला दोन खोल्या, व्यसन बडबडीचं तेवढं. तिला सुखात ठेवीन. असं बरंच काही. पण इतका वेळ जे डोळ्यांसमोर होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"काका, तुमचे केस कोण हो कापतं?"

"का?"

"अहो, ज्यानं कापलेत त्याच्या हातातून कात्री काढून घ्यायला हवी."

काकांनी चहाचा घोट घेतला. तळ्याकडे बघत म्हणाले, "माझी मुलगी कापते. आधी तिची आई कापायची."

माझ्या जिभेला हाड नाही हे मला लहानपणापासून ऐकवलं जातंय, पण ते असं भर डोंगरावर सिद्ध व्हावं? काकांनी थर्मासचं झाकण लावलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि उतरायला लागले. मी मागून. संपलं, गेलं लग्न. बँकवाल्याला निदान स्वतःची बस तरी मिळाली, मला यांच्याच शेजारी बसून परत जायचं होतं.

उतरताना पुन्हा तीच मान समोर. आधी मला रडू यायला लागलं, मग राग आला. वाईट ते वाईटच, त्याला मी काय करू? ते तिनं कापलेत म्हणून रेघ सरळ होणार आहे का? रागारागानं मी त्या पायऱ्या नीट बघितल्या आणि फळीवरच थबकलो. चहाचा कप ती नेहमी कुठल्या हातात धरते, ते मला आठवलं. कपाळाला हात लावला मी. इतके दिवस तिच्यासमोर बसून चहा पितोय, आणि माझ्यासारख्या न्हाव्याच्या हे डोक्यात येऊ नये?

"काका, ती डावखुरी आहे," मी मागून म्हणालो. "साधी कात्री डाव्या हातात धरली की केस कापले जात नाहीत, पात्यांमध्ये दुमडतात. तिचा काही दोष नाही."

काका वळले. पहिल्यांदाच हसले. म्हणाले, ते मला ठाऊक आहे, जन्मभर बारीक हत्यारं हाताळलीत मी. मग तिला सांगितलं का नाहीत, मी विचारलं. तर म्हणाले, सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बाबा, मला नाही जमत, तुम्ही आपले दुकानात जात जा.

मला वाटलं, गाडी रुळावर आली. उत्साहाच्या भरात मी म्हणालो, आता काळजी नको, घरात न्हावीच येतोय, यापुढे मी कापीन! काकांचं हसू मावळलं. ते पुढे चालायला लागले.

आता मात्र मी बोलण्याआधी विचार केला. कधी नव्हे तो. फळ्या संपल्या, दगडांची उतरण लागली, तेव्हा काकाच सावकाश बोलायला लागले. महिन्यातून एकदा ती माझ्या गळ्याशी टॉवेल बांधते, म्हणाले. तेवढा वेळ तिचा हात माझ्या डोक्यावर असतो आणि ती मनातलं सगळं सांगते. तुमच्याबद्दलही तिनं तेव्हाच सांगितलं. एरवी आम्ही दोघंही फारसं बोलत नाही.

एवढं झाल्यावर मला काही पाठ केलेलं सांगायची गरज वाटली नाही.

"काका, तुमचे केस तीच कापेल," मी म्हणालो. "लग्न झालं तरी. मी तिला तुमच्या दाराशी सोडीन आणि बाहेर थांबीन. तुम्ही हाक मारल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही. आणि ते कसे कापलेत यावर जन्मात तोंड उघडणार नाही."

काका थांब्याकडे चालत राहिले. बस आली. आम्ही बसलो. वळणांवर त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता. शहराचे पहिले दिवे दिसले तशी त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली.

"रविवारी घरी ये," ते म्हणाले. "येताना डावखुऱ्यांची कात्री मिळाली तर घेऊन ये. तिचा अंगठा दुखतो."

मी मान हलवली.

थोड्या वेळानं ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पण तिला शिकवू नकोस."