फालशाची देग आणि कलाबाईंची जीभ

मित्रांनो, नांदुऱ्याच्या स्टेशनाजवळ फालशाच्या सरबताचा एक जुना घरगुती कारखाना आहे. त्याच्या चुलीवरची मी तांब्याची देग. फकीर मोहम्मद यांच्या आजोबांनी मला तांबटाकडून घडवून घेतले. तेव्हापासून या घराचे सरबत माझ्याच पोटात शिजत आले आहे.

या घराची रीत कडक. फालसे, म्हणजे झुडपावरची बारीक आंबटगोड फळे, हाताने कुस्करायची, रस फडक्यातून गाळायचा आणि मंद आचेवर शिजवायचा. वरून रंग नाही, वासाचा अर्क नाही. एकदा पुरात मळ्यातली फालशाची झुडपे वाहून गेली. वाचलेल्या एकाच झुडपाच्या फांद्या लावून या लोकांनी मळा पुन्हा उभा केला. तोवर मी उपडी पडून होते. पण दुसऱ्या कशाचे सरबत त्यांनी माझ्यात केले नाही.

रमजान फालशाच्या हंगामात आला, की मागणी सर्वांत जास्त, आणि नेमके तेव्हाच घरात सगळ्यांचे रोजे. मग चव कोण पाहणार? ते काम शेजारच्या कलाबाईंचे. चमचा तोंडाला लावून त्यांनी मान हलवली, की बाटल्या भरायच्या.

अशाच एका वर्षी रमजान ऐन हंगामात आला. ईद तोंडावर होती. फकीर मोहम्मद यांचा मुलगा अजहर याने मला चिंचेने घासून लख्ख केले होते. सरबत तयार झाले. कलाबाईंनी चमचा घेतला आणि तोंड वाकडे केले.

“हे कळकलं बापा. तांबं लागून राह्यलं.”

अजहरला पटेना. एवढ्या साखरेत कोणाला समजणार, असे तो म्हणाला.

“मले समजलं ना.”

फकीर मोहम्मद यांनी वाद घातला नाही. सगळे सरबत ओतून द्यायला सांगितले.

“रोज्यात जीभ तुमची अन् नाव आमचं, कलाबाई.”

मी रिकामी झाल्यावर त्यांनी वाकून आत पाहिले. तळाची कल्हई उडाली होती. आंबट रस उघड्या तांब्याला लागला होता. मला मोडीत काढून स्टीलचे पातेले आणावे, असे अजहरने सुचवले.

“देगीचं काय चुकलं? आपणच बाहेरून पाह्यत राह्यलो,” फकीर मोहम्मद म्हणाले.

मेहकरहून कल्हईवाला आणला. त्याने मला तापवून कथील फिरवले आणि मी आतून चांदीसारखी झाले. उरलेल्या फालशांचे सरबत चढले. कलाबाईंनी चाखले आणि चमचा पुन्हा पुढे केला.

त्या ईदेला अर्ध्याच बाटल्या गेल्या. का, ते अजहरने दुकानोदुकानी जाऊन स्वतः सांगितले. पुढच्या वर्षी एकाही दुकानाने पाठ फिरवली नाही.

मित्रांनो, त्या दिवशीही मी बाहेरून चकाकत होते. तुमच्या घरातल्या जुन्या भांड्यात कधी तरी डोकावून बघा. आता मला घासायला अजहरची मुलगी महनूर येते. चिंच ती मागाहून घेते. आधी वाकून आत पाहते.